पाणी किती फुटांवर?

‘अर्ध्या तासाने आई येईल’ हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ‘डबा झाला, गोष्ट झाली, की आई’ हे मात्र पक्कं कळतं. म्हणून बालवाडीतल्या दिवसाचा क्रम मी सहसा मोडत नाही. चपला ओळीत, दप्तर खुंटीला, मग गोल करून गाणी, मुक्तखेळ, हात धुणं, डबा, अंगणात पळापळ, गोष्ट आणि घर. जूनमध्ये दाराला धरून रडणारी मुलं पावसाळा सरता सरता हाच क्रम नव्या मुलांना समजावून सांगतात. पुढे काय येणार हे ठाऊक झालं, की मूल दाराकडे बघायचं थांबतं आणि खेळाकडे वळतं.

मुक्तखेळाचा तास त्यांचा. काय खेळायचं, कोणाशी, किती वेळ, हे तीच ठरवतात. माझं बरंचसं काम मुलं यायच्या आधीच झालेलं असतं: कोणत्या कोपऱ्यात काय मांडायचं, काय आज काढून ठेवायचं, काय त्यांच्या हाताच्या उंचीवर ठेवायचं. सांगलीत साधनांसाठी लांब जावं लागत नाही. हळकुंडं आहेत, भुईमुगाच्या शेंगा आहेत, ज्वारीची कणसं आहेत. शेंग फोडताना अंगठा आणि तर्जनी जो नेमका जोर लावायला शिकतात, तोच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. बेंदराच्या सणाच्या दिवसांत बैल करायला मी चिखल मळून ठेवते. एका मुलीने बैलाला पाच पाय केले होते. मी पाय मोजले नाहीत. ‘या बैलाचं काय काय आहे, सांग की,’ एवढंच म्हटलं. ती म्हणाली, ‘चिखलात अडकला तर एक जास्तीचा लागंल.’

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. मुलं कोणी पाहुण्यांकडे, कोणी निवारा केंद्रात राहून आली. बालवाडी पुन्हा भरली तेव्हा पहिल्याच दिवशी जुना क्रम जसाच्या तसा सुरू केला. मुक्तखेळात मात्र पूर आला. ठोकळ्यांचा पूल झाला, चटईची बोट झाली. एक विचारायचा, ‘पाणी किती फुटांवर?’ दुसरा मनाला येईल तो आकडा सांगायचा. आकडा मोठा झाला, की बाहुल्या, भातुकली, सगळं टेबलावर चढायचं. एक मुलगा रोज फक्त कुत्रं वाचवायचा.

एक आई कळवळून म्हणाली, ‘ताई, दुसरं काहीतरी खेळायला द्या की. विसरू दे त्यांना.’ तिची काळजी मला समजत होती, तरी मी खेळ थांबवला नाही. खऱ्या पुरात या मुलांना कोणी काही विचारलं नव्हतं. उचललं आणि नेलं. खेळात पाणी कधी चढवायचं, आधी कोणाला काढायचं, हे त्यांच्या हातात होतं. मी फक्त एक दोरी आणि थोडी जास्त भांडी ठेवली, आणि कोणी गप्प झालं तर शेजारी जाऊन बसले. डब्याची वेळ झाली, की पूर होता तिथे थांबायचा आणि सगळी हात धुवायला जायची. भीतीच्या खेळाला रोज एक ठरलेला शेवट होता, म्हणूनच तो त्यांना झेपला. पुढे त्यांचं पाणी आपोआप उतरलं. मग बाहुल्यांच्या घरातला चिखल काढणं सुरू झालं, आणि एके दिवशी त्याच जागी भाजीमंडई भरली.

ताराबाई मोडक १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करत होत्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली आणि महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं आणली. मुलाचं शिक्षण त्याच्या भोवतालातून उभं राहतं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. आमच्या मुलांच्या भोवताली हळद आहे, तशी नदी आहे आणि तिचा पूरही आहे.

‘लिहायला कधी घेणार?’ हा पालकांचा प्रश्न दरवर्षी येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती जागा दिली, हे मी सांगते. त्याहून उपयोगी पडतं ते त्यांना मुक्तखेळाच्या वेळी कोपऱ्यात बसवणं. आपलं मूल भाव ठरवतं, नियम करतं, भांडण मिटवतं, मोडलेला पूल पुन्हा रचतं, हे ते स्वतः बघतात. अक्षरं पहिलीत येतीलच. ती शिकताना लागणारा धीर मात्र या तासात तयार होतो, आणि हा तास मी दुसऱ्या कशालाही देणार नाही.