घर बदललेले घड्याळ

घड्याळ म्हटले की आज आपली नजर मनगटाकडे जाते. हे इतके सवयीचे झाले आहे की घड्याळाची जागा तीच, असे आपल्याला वाटते. वास्तविक पाहता घड्याळ मनगटावर आले ते उशिरा. त्याआधीच्या दोन-अडीच शतकांत माणसाने बरोबर बाळगलेले घड्याळ बंडीच्या किंवा कोटाच्या खिशात साखळीला अडकलेले असे. मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा दागिना आहे, अशीच युरोपातील पुरुषांची समजूत होती. पहिल्या महायुद्धाने ती समजूत पुसून टाकली. खंदकातल्या सैनिकाचे दोन्ही हात गुंतलेले असत. कोटाची बटणे सोडून वेळ पाहण्याइतकी उसंत त्याला कुठली? तेव्हा लहान आकाराच्या खिशातल्या घड्याळांना तारेचे कान डाखून त्यांत चामड्याचा पट्टा ओवण्यात आला. खिशातले घड्याळ मनगटावर चढवण्याची ही खटपट म्हणजे आजच्या हौशी लोकांची लहर नव्हे. पुरुषांच्या मनगटी घड्याळाचा जन्मच तिच्यातून झाला आहे.

पुढेही हे घडत राहिले. १९३० च्या दशकात इटलीच्या आरमारातील पाणबुड्यांसाठी पानेराईने जी मोठी घड्याळे दिली, त्यांच्या पोटात खिशातल्या घड्याळाचे यंत्र होते. त्याच दशकाच्या अखेरीस पोर्तुगीज व्यापाऱ्यांना अतिशय अचूक मनगटी घड्याळे हवी होती, म्हणून आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने खिशातल्या घड्याळाचेच यंत्र मनगटी पेटीत बसवून दिले. यंत्र मोठे असले की त्याचे आंदोलनचक्रही मोठे ठेवता येते आणि वेळ नेमकी राखणे सोपे जाते, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आज जगभर जे कारागीर जुन्या यंत्रांना मनगटी घड्याळाचे रूप देतात, त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्यांच्या हाती येतात ती बहुधा बेघर यंत्रे. अमेरिकेत वॉल्थॅम, एल्जिन यांसारखे कारखाने यंत्र करीत आणि पेटी दुसरा कारखाना करी. गिऱ्हाईक दुकानात बसून आपल्या ऐपतीप्रमाणे दोहोंची जोडी जुळवी. पुढे सोन्याचा भाव चढला की पेट्या वितळवल्या जात. सोनाराला यंत्राचा उपयोग नव्हता. त्यामुळे पेट्या आटल्या आणि यंत्रे डब्यांतून पडून राहिली. ज्याच्यात वर्षानुवर्षांचे कौशल्य ओतलेले, ते निरुपयोगी. आणि ज्याच्यात केवळ धातू, त्याला मोल! बाजाराचा न्याय पुष्कळदा असाच असतो.

अशा यंत्राला नवे घर देणे वाटते तितके सोपे नसते. पहिली अडचण आकाराची. अमेरिकन मापात ज्याला १६ नंबर म्हणतात, ते यंत्र सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचे असते. पेटीसह घड्याळ सहज ४८ मिलिमीटरपर्यंत जाते आणि बारीक मनगटावर वाटीसारखे दिसते. शून्य नंबरचे, स्त्रियांच्या घड्याळातले यंत्र मात्र ३० मिलिमीटरच्याही आत बसते. दुसरी अडचण चावीच्या जागेची. झाकण नसलेल्या खिशातल्या घड्याळात चावी बाराच्या डोक्यावर असते आणि सेकंदाची छोटी तबकडी बरोबर खाली, सहापाशी. झाकणाच्या घड्याळात चावी तीनपाशी असते आणि सेकंद सहापाशीच राहतो. मनगटाला दुसरी रचना आपसूक मानवते. पहिली घ्यायची तर चावी डोक्यावर ठेवावी लागते. नाहीतर यंत्र पाव फेरा फिरवून, सेकंद नऊपाशी नेऊन, नवी तबकडी करून घ्यावी लागते. तिसरी अडचण सर्वांत नाजूक. खिशातले घड्याळ दिवसभर जवळजवळ एकाच स्थितीत उभे असते. हात मात्र सारखा हलतो, आपटतो. आंदोलनचक्राच्या दांडीची टोके केसाइतकी बारीक असतात आणि जुन्या यंत्रांत त्यांना धक्क्यापासून वाचवणारी कमान नसते. एक हिसका बसला की टोक मोडते. हा सगळा तपशील मी पुस्तकी हौसेने सांगत नाही. तो मला एका निर्णयासाठी समजून घ्यावा लागला.

माझे आजोबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते. त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेले एक स्विस घड्याळ होते. चांदीची पेटी, चांदीचीच जाड साखळी, पांढरी मिन्याची तबकडी. १९५८ साली माझ्या आत्याला एस.एस.सी.च्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. घरात आजारपण होते, हातात पैसे नव्हते. आजोबांनी पेटी आणि साखळी सराफाकडे मोडली. सराफाने यंत्र तबकडीसकट काढून, कागदात गुंडाळून परत दिले. आत्या परीक्षा उत्तीर्ण झाली, पुढे ट्रेनिंग करून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. ते यंत्र औषधाच्या एका गोल डब्यात, कापसात, साठ वर्षांहून अधिक काळ राहिले.

आजोबांच्या मागे तो डबा थोरल्या भावाकडे आला आणि त्याच्याकडून माझ्याकडे. मी आमच्या गावातल्या वयोवृद्ध घड्याळजींना तो दाखवला. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ताई, मशीन मेलेलं नाही. तेल वाळून चिकट झालंय, एवढंच. धुऊन काढलं तर चालेल. पण उघडं ठेवाल तर पुन्हा धूळ खाईल." स्टीलची पेटी करून ते मनगटावर बांधता येईल, असेही त्यांनी सुचवले.

मी हरखून गेले. दादाने मात्र स्पष्ट नकार दिला. त्याचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण ते दुबळे नव्हते. "ते उघडं आहे, हीच त्याची गोष्ट आहे," तो म्हणाला. "बाबांच्या वडिलांनी काय दिलं, ते त्या नसलेल्या पेटीत दिसतं. तू नवी पेटी चढवलीस की ते झाकलं जाईल. उद्या तुझी मुलं म्हणतील, आजोबांचं छान घड्याळ आहे. काय गेलं होतं, ते कुणाला कळेल?"

या युक्तिवादावर मी अनेक दिवस विचार केला. जुन्या वस्तूला हात लावणे म्हणजे तिचा पुरावा पुसणे, ही भीती खोटी नाही. मूळ पेटीतले, धडधाकट घड्याळ केवळ हौसेपोटी मोडून त्याचे मनगटी रूप करणे मला आजही अयोग्य वाटते. कारण तिथे एक अखंड वस्तू नाहीशी होते आणि दोन अर्धवट वस्तू उरतात. जुने यंत्र आणि परकी पेटी यांच्या जोडीला या व्यवसायात 'मॅरेज' म्हणतात. असे लग्न उघडपणे सांगितले तर त्यात काही गैर नाही. तेच मूळचे म्हणून विकले तर ती फसवणूक होते. परंतु आमच्या यंत्राचे घर आधीच गेले होते. डब्यात ते सुरक्षित होते, असे म्हणणेही पुरते खरे नव्हते. गंज आणि धूळ यांना आठवणींचा आदर नसतो.

निर्णय आत्याकडे न्यावा, हे शेवटी दादानेच सुचवले. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आम्हा दोघांचे ऐकून घेऊन ती म्हणाली, "अरे, त्यांनी घड्याळ विकलं नाही, पेटी विकली. घड्याळ ठेवलं. ते कशाला ठेवलं असेल? बंद ठेवायला?"

त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून काही अटी ठरवल्या. यंत्राला कुठेही भोक पाडायचे नाही, घासायचे नाही. तबकडी तीच राहील, तिच्या कडेला गेलेला तडाही तसाच राहील. म्हणून चावी बाराच्या डोक्यावर ठेवायची, यंत्र फिरवायचे नाही. पेटी साध्या स्टीलची असेल. चांदीची नक्कल करायची नाही. मागचे झाकण काचेचे असेल, म्हणजे आतले यंत्र दिसेल. त्या झाकणाच्या कडेवर एवढेच कोरले आहे: 'पेटी नवी. जुनी पेटी १९५८ साली शिक्षणासाठी मोडली.' दादाचे गेलेल्या वस्तूविषयीचे म्हणणे असे घड्याळातच लिहिले गेले. तरी त्याचे पूर्ण समाधान झाले आहे, असे मी म्हणणार नाही. तो अजून म्हणतो, डब्यात ते जास्त खरे होते.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांनी घर, नोकरी, शेती, मुलेबाळे सांभाळून पुन्हा पुस्तक हाती घेतले असेल. मध्ये सुटलेली वर्षे परत येत नाहीत आणि ती आलीच नव्हती असे भासवण्याचेही कारण नाही. जुन्या यंत्राला नवी पेटी देताना मला उमगले ते एवढेच: नवे रूप घ्यावे, पण आधी काय मोडले होते ते झाकू नये. जे टिकले आहे त्याला घासूनपुसून नवे करण्यापेक्षा त्याचे तेल बदलावे आणि त्याला चालू द्यावे.

आत्याला घड्याळ दाखवायला नेले तेव्हा तिने ते मनगटावर बांधले नाही, कानाशी धरले. आता दर रविवारी मी तिच्याकडे जाते आणि त्या दिवशी चावी ती देते. दिवसाकाठी ते दोन-तीन मिनिटे मागे पडते. ती काटे पुढे सरकवते आणि घड्याळ माझ्या हाती देते.