जरा गाडी देता का?

मोटारसायकल बाळगणाऱ्या माणसाला एक वाक्य जन्मभर ऐकावे लागते: ‘जरा गाडी देता का? हा गेलो नि हा आलो!’ छत्री मागणारा निदान आभाळाकडे बोट दाखवतो. पुस्तक मागणारा ‘आठवड्यात परत करतो’ अशी थाप तरी मारतो. गाडी मागणारा कारण सांगत नाही आणि मुदतही सांगत नाही. त्याच्या त्या ‘जरा’मध्ये सावंतवाडीपासून बांद्यापर्यंतचा सगळा मुलूख मावतो.

१९८७ साली मी बुलेट घेतली तेव्हापासून हे वाक्य ऐकतो आहे. शाळामास्तराने बुलेट घ्यावी हे आमच्या गावाला पटले नव्हते, आणि घरात तर मुळीच नव्हते. ‘ही सवत मी दारात ओवाळून घेणार नाही,’ असे पत्नीने पहिल्याच दिवशी जाहीर केले. तिच्याच हातचे हळदकुंकू गाडीला लागले, ही गोष्ट वेगळी. पण हळदकुंकू वाळायच्या आत पहिला याचक दारात उभा राहिला.

या याचकांच्या नाना तऱ्हा. एक जण पेट्रोल रिझर्व्हवर आणून गाडी परत देई आणि वर ‘अॅव्हरेज कमी देते हो तुमची’ असे सांगे. दुसरे एक गृहस्थ प्रत्येक वेळी टाकी भरून आणीत. त्यांची मला जास्त धास्ती वाटे, कारण भरलेल्या टाकीबरोबर त्यांचा गाडीवरचा हक्कही भरत चालला होता. तिसरे गाडी स्टँडवर लावता लावता म्हणायचे, ‘सर, मागचा ब्रेक जरा बघून घ्या. आमच्यासारख्याचा जीव जाईल एखाद्या दिवशी!’ जणू मीच त्यांच्या दारी जाऊन, घ्या हो माझी गाडी, म्हणून विनवण्या केल्या होत्या! पण खरे सांगायचे तर पेट्रोलचे मला कधीच काही वाटले नाही. मला वाटे ते आरशाचे. परत आलेल्या गाडीवर बसावे तर आरशात रस्त्याऐवजी स्वतःचाच खांदा दिसे. आपल्या घरात कोणी येऊन देवांच्या तसबिरी हलवून गेल्यासारखे वाटे.

सुदैवाने माझी बुलेट स्वतःचे रक्षण करायला समर्थ होती. हल्लीच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही, पण त्या काळच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. पहिला गिअर वर उचलायचा आणि बाकीचे खाली दाबायचे. त्याआधी तिला चालू करणे हे एक वेगळेच कर्मकांड. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, किक हळूच खाली नेत अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मग सगळे अंग टाकून लाथ मारायची. मुहूर्त चुकला तर किक अशी उलटी येई की पोटरी आठवडाभर नाव घेई. एरवी स्कूटर चालवणारा याचक दोनदा लाथ मारून घामाघूम होई आणि ‘राहू दे सर, रिक्षानेच जातो’ म्हणून निघून जाई. आमच्या शेजारच्या येझदीवाल्यांचीही तीच कथा. त्या गाडीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. गाडी सुरू झाली की तो मुडपून गिअर करायचा. नवखा माणूस गिअर शोधीतच राही. सबंध गावात माझी गाडी हाताळू शकणारे चार जण होते, आणि ते चौघेही मला पुरते ठाऊक होते.

आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देणे म्हणजे नेमके काय देणे, याचा विचार मागणारा करीत नाही, आणि देणाराही बहुधा करीत नाही. कायदा मात्र करतो. चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर त्याच्याबरोबर मालकालाही दंड होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच हजारांवर गेला आहे. रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला लागले तर भरपाईसाठी मालकाचेच नाव पुढे येते. आणि मागून नेणाऱ्याचे काय? २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातले एक प्रकरण आले होते. एक गृहस्थ दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन गावाकडे निघाले आणि पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळून दगावले. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारे जे कलम आहे त्याखाली त्यांच्या घरच्यांनी विमा कंपनीकडे दावा केला. न्यायालय म्हणाले, गाडी मागून नेणारा त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी उभा असतो, तेव्हा या कलमाखाली त्याच्या वारसांना मागता येणार नाही. गाडीबरोबर विम्याचा जो अपघाती आधार मिळतो तोही नोंदलेल्या मालकालाच. म्हणजे बघा, ‘हा गेलो नि हा आलो’ म्हणणारा माणूस तुमची गाडी तर नेतोच, पण तुमची जागाही घेऊन जातो. आधार मात्र तुमच्याच घरी ठेवून जातो. हे वाचल्यापासून आरशाची तक्रार मी सोडून दिली.

आता भाड्याची गोष्ट. माझा भाचा गोव्यात, पेडणे तालुक्यात मांद्र्याला असतो. त्याच्याजवळ भाड्याने द्यायच्या अकरा गाड्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि त्याचा धंदा जोरात चालू लागला. काळ्या पाटीवर पिवळे आकडे, ही भाड्याच्या गाडीची खूण. गिऱ्हाईक आले की तो आधी त्याचे लायसन बघतो, मग अनामत घेतो, आणि मग मोबाईल हातात धरून गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. असलेला प्रत्येक ओरखडा चित्रात टिपून ठेवतो. परत येताना नवा ओरखडा दिसला तर पैसे वळते करून घेतो. भांडण नाही, रुसवा नाही. पाहून मला त्याचा हेवा वाटला. अडतीस वर्षे जे ओरखडे मी मनात टिपून ठेवले ते हा पोरगा यंत्रात टिपतो आणि संध्याकाळी पुसूनही टाकतो!

त्या अकरा गाड्यांना तो नुसत्या आकड्यांनी ओळखतो. ‘सदतीस आली काय रे?’ असे ओरडून विचारतो. पण अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली, कापड घालून एक बारावी गाडी उभी होती. तिची पाटी पांढरी. मी विचारले, ‘ही देत नाहीस वाटतं?’ तो चपापून म्हणाला, ‘ती गिऱ्हाइकांक नाय, मामानू. ती माझी.’

केंद्र सरकारने १९९७ साली मोटारसायकली भाड्याने देण्याची योजना ठरवली तेव्हा परवाना मागणाऱ्याजवळ निदान पाच गाड्या असाव्यात अशी अट घातली. सरकारने ती कशासाठी घातली असेल ते असो, मला तीत शहाणपण दिसते. पाच गाड्या असलेला माणूस त्या भाड्याने देऊ शकतो, कारण त्यांतली एकही त्याची नसते. एकच गाडी असलेल्याला ते जमायचे नाही.

तरीही जमवणारे आहेत. पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाड्या गुपचूप पर्यटकांना देणारे गोव्यात कमी नाहीत. पोलिसाने अडवले तर सांगायचे, ‘मित्राची गाडी आहे.’ म्हणजे गाडीबरोबर मित्रही भाड्याने मिळतो! घरगुती गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू पडत नाही, हे त्या तासाभरापूर्वीच्या मित्राला कोणी सांगत नाही. त्यापेक्षा गोव्याचे पायलट मला थोर वाटतात. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभे असतात. गाडी हवी? बसा मागे. हँडल मात्र माझ्या हातात! देणे आणि न देणे यांचा इतका सुरेख मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

गेल्या गणपतीत भाचा घरी आला आणि बुलेटभोवती फिरू लागला. ‘मामानू, गाडी उभी रवान गंजतली. माझ्याकडे देवा. जुन्या बुलेटीक दुप्पट भाडा मिळता.’ त्याचे खोटे नव्हते. माझे गुडघे आता किक मारू देत नाहीत. पत्नीने तर मनातल्या मनात त्या पैशांतून गच्चीवर पत्रेही घालून टाकले. मी नाही म्हणालो. दोघांनीही कारण विचारले. ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, इथे सांगतो.

२००५ च्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमाराला शेजाऱ्यांच्या मुलाने दार वाजवले. त्याच्या वडिलांना बांबोळीच्या इस्पितळात हलवले होते आणि मागाहून जायला वाहन नव्हते. गाडी चालवू शकणाऱ्या त्या चौघांतला तो एक. मी किल्ली दिली. जरा म्हणाला नाही, हा आलोच म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दार उघडले तर गाडी अंगणात उभी होती. स्वच्छ धुतलेली. किल्ली गाडीलाच होती. एरवी तो हाक मारून, चहा घेऊन गेला असता. हाक का मारली नाही ते मला तिथेच उमगले. सुतकात दुसऱ्याच्या घरात कसे यायचे, म्हणून तो रस्त्यावरूनच परतला होता. मी गाडीवर बसून पाहिले. आरसे जागच्या जागी होते.

त्याचा मुलगा आता अठरा वर्षांचा झाला आहे. गेल्या वर्षी त्याने गाडी मागितली तेव्हा मी साफ नकार दिला होता. अज्ञान मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला वा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मी त्याला कागद काढून दाखवले. पोरगा रुसला. महिन्यापूर्वी तो शिकाऊ लायसन घेऊनच आला आणि तो कागद त्याने माझ्यासमोर धरला.

दर रविवारी पहाटे मोती तलावाच्या रस्त्यावर आमची शिकवणी चालते. पुढे तो, मागे मी, पाटीवर लाल ‘एल’. किक तो मारतो. त्याचा डावा पाय अजून गिअर शोधतो आणि ब्रेक दाबतो. मग माझी हनुवटी त्याच्या हेल्मेटवर आदळते. परवा तिसऱ्या फेरीला मान न वळवता त्याने विचारले, ‘आजोबा, पक्के लायसन मिळाले की मी आंबोलीला गाडी घेऊन जाऊ? सकाळी जाऊन संध्याकाळी परत.’

मी म्हटले, ‘आधी न्यूट्रल सापडवून दाखव.’