साहुकारपेठेपासून त्यागरायनगरापर्यंत

पोन्नूरमलैच्या यात्रेस निघालेली महाराष्ट्रातील मंडळी बहुधा एखादा दिवस चेन्नईस मुक्काम करतात. दर्शन आटोपले की पावले साहुकारपेठेकडे वळतात. मिंट स्ट्रीटच्या गर्दीत दुकानाच्या गादीवर बसलेला व्यापारी घरच्यांशी मारवाडीत किंवा गुजरातीत बोलतो आणि पुढच्याच क्षणी गिऱ्हाइकाशी अस्खलित तमिळमध्ये. ही भाषा त्यास कोणी सक्तीने शिकविली नाही. व्यवहाराने आणि शेजारधर्माने ती घरात आली.

येथून फार दूर नसलेल्या आर्मेनियन स्ट्रीटवर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाचे सभागृह उभारले गेले. 1918 साली तेथे दक्षिणेतील हिंदीप्रचाराचा पहिला वर्ग भरला. उद्घाटन ॲनी बेझंट यांनी केले. शिक्षक होते महात्मा गांधींचे पुत्र देवदास, वय अवघे अठरा. त्याच वर्षी इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजींनी या कार्याची हाक दिली, तेव्हा होळकर दरबाराने दहा हजार व सर सेठ हुकुमचंदजींनी दहा हजार रुपये दिले. एका जैन व्यापाऱ्याचे हे द्रव्य दूरच्या प्रांतातील शाळांसाठी होते.

परंतु उत्तरेतून शिक्षक आणून हे काम टिकणार नव्हते. म्हणून दक्षिणेतील काही तरुण प्रयागला शिकण्यास गेले आणि परतून स्वतः शिकवू लागले. पुढे प्रचारक घडविण्यासाठी विद्यालयेच निघाली. 1922 साली इरोड येथे पेरियार रामस्वामी यांच्या जागेत असे विद्यालय सुरू झाले. उद्घाटक मोतीलाल नेहरू होते.

यानंतरचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. 1938 साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने मद्रास इलाख्यातील काही माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची केली, तेव्हा विरोधाच्या अग्रभागी तेच पेरियार होते. 1940 साली सक्ती मागे घेतली गेली. पुढे हिंदीच एकमेव राजभाषा होण्यास खुद्द राजाजींनी विरोध केला. जागा देणारा आणि आज्ञा काढणारा, दोघेही अखेर सक्तीच्या विरुद्ध उभे राहिले.

सभेचे मुख्यालय आज त्यागरायनगरात आहे. बाहेर रेशमी साड्यांच्या व दागिन्यांच्या दुकानांचा गजबजाट, आत वर्ग, छापखाना, ग्रंथालय. 1946 साली रौप्यमहोत्सवासाठी गांधीजी येथे आले होते. 1964 साली संसदेने या संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. प्राथमिकपासून प्रवीणपर्यंत परीक्षांच्या पायऱ्या आहेत आणि प्रचारकांचे जाळे गावोगाव, घरोघर वर्ग चालविते. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा दिलेल्या मराठी वाचकास ही वाट ओळखीची वाटेल. ज्या राज्याच्या सरकारी शाळांत हिंदी नाही, तेथेच आईवडील मुलांना आपखुशीने या परीक्षांस बसवितात.

पोन्नूरच्या टेकडीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या दक्षिणेतील कुंदकुंदाचार्यांनी प्राकृतात ग्रंथ रचले. तिरुत्तक्कदेवर या जैन मुनींनी तमिळमध्ये ‘जीवकचिंतामणि’ हे महाकाव्य लिहिले. दोघांनाही कोणत्या राजाज्ञेची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी पोन्नूरमलैच्या पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूने त्यागरायनगरातील तो वर्ग आठवावा. दात्याने द्रव्य द्यावे, शिक्षकाने आयुष्य द्यावे. शिकण्याची इच्छा मात्र शिकणाऱ्याचीच असावी.