मागच्या बाकावरून

बेंगळुरूतल्या मराठी घरातलं मूल शाळेत जाऊ लागलं, की रोज तीन उंबरठे ओलांडतं. घरात मराठी, तीही कानडी हेल लागलेली, गल्लीत कानडी, आणि फळ्यावर इंग्रजी. शहाजीराजांकडे इथली जहागीर होती तेव्हापासून मराठी माणसं या गावात आहेत. आपली भाषा त्यांनी देव्हाऱ्यासारखी घरात जपली. पण पोरांना तिसऱ्या उंबरठ्यावरून हाताला धरून कुणी नेलं असेल, तर शाळेतल्या शिक्षकांनी.

2025 च्या सुरुवातीला बसवनगुडीच्या आचार्य पाठशाळेच्या, म्हणजे सगळं गाव जिला एपीएस म्हणतं त्या संस्थेच्या नव्वदीनिमित्त एका माजी विद्यार्थ्यानं चित्रफीत पाठवली. प्रा. एन. अनंताचार यांनी 1935 साली ही संस्था काढली. विद्यार्थ्याचं शाळेतलं नाव शिवाजीराव गायकवाड; जग त्यांना रजनीकांत म्हणतं. वडील रामोजीराव पोलिसात शिपाई, आई जिजाबाई. आई लहानपणीच गेली आणि थोरल्या भावानं, सत्यनारायणरावांनी, त्याला वाढवलं.

गवीपुरमच्या सरकारी कानडी शाळेत शिवाजी हुशार पोरांत मोडायचा. तिथून भावानं त्याला एपीएसमध्ये घातलं, इंग्रजी माध्यमात. भावाचा हेतू चांगलाच होता. पण पहिल्या बाकावरचं पोर एकदम मागच्या बाकावर गेलं आणि मनानं खचलं. रजनीकांत हे सांगतात तेव्हा आवाजात कुठेही अभिनय नसतो. शिक्षकांनी आपल्याला प्रेमानं सावरलं, आठवी-नववी पार करून दिली, असं ते म्हणतात. पुढे मॅट्रिकला भौतिक, रसायन आणि गणितात गाडी अडली, तेव्हा रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी त्याला घरी शिकवलं. एक पैसा न घेता.

मी इथेच थांबते, कारण त्या खचण्याची चव मला ठाऊक आहे. मीही याच शहरातली, कानडी शाळेतून आठवीत इंग्रजी वर्गात गेलेली. विज्ञानाच्या आमच्या मिसनी एकदा विचारलं, पाऊस पडला की मातीला वास का येतो? मला काहीतरी सांगायचं होतं, पण मी उभी राहून नुसती बाकाची कड नखानं खरवडत राहिले. वर्ग हसण्याच्या बेतात होता. मिस जवळ आल्या, हातातला खडू बाकावर ठेवला आणि कानडीत म्हणाल्या, ‘घरी बोलतेस तसं सांग. मी ऐकते.’ त्यांना मराठी येत नव्हतं. तरी माझं अख्खं उत्तर, माझ्या हातवाऱ्यांसकट, त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग कानडीत विचारून विचारून त्यातलं एकेक वाक्य फळ्यावर इंग्रजीत उतरवलं. उत्तर अर्धं चूकच होतं. त्यांनी चूक भागाखाली रेघ मारली, बरोबर भागाखाली माझं नाव लिहिलं आणि ते सगळं मला मोठ्यानं वाचायला लावलं. माझं नाव फळ्यावर, खडूच्या पांढऱ्या अक्षरांत! आजही चारचौघांत बोलायला उभी राहिले, की आधी त्या बाई मान हलवताना दिसतात, मग तोंड उघडतं.

या एपीएसच्याच हायस्कुलात, शिवाजीच्या बरीच वर्षं आधी, सी. एन. आर. राव शिकले. 1947 साली ते पहिल्या वर्गात शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले. रसायनशास्त्राची गोडी लावण्यात या शाळेचा मोठा वाटा होता. पुढे त्याच विषयानं त्यांना भारतरत्नापर्यंत नेलं. मला भारी वाटतं ते हे, की ज्या विषयानं एकाला आयुष्यभराची वाट दिली, तोच दुसऱ्याला जड गेला. आणि शाळेनं दोघांनाही आपलं मानलं. भारतरत्नाचा अभिमान कोणतीही शाळा मिरवील. रसायनात अडलेल्या मुलासाठी संध्याकाळ खर्च करणारे शिक्षक असणं, ही मला त्याहून मोठी मिळकत वाटते.

भावानं शिवाजीला रामकृष्ण मठातही धाडलं होतं. तिथल्या नाटकात त्यानं एकलव्याच्या मित्राची भूमिका केली आणि द. रा. बेंद्रे यांनी त्याचं कौतुक केलं, असं त्याच्या चरित्रात येतं. बेंद्रे म्हणजे ‘नाकु तंती’साठी 1973 चं ज्ञानपीठ मिळवणारे कानडीतले महाकवी, पण त्यांच्या घरची भाषा मराठी. धारवाडच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली, सोलापूरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं कानडी शिकवलं. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी घेऊन जगणाऱ्या पोराच्या मनात काय चालतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

एपीएसमधली हकिकत तर त्याहून न्यारी. शिवाजी वर्गात मुलांना पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी रंगवून सांगायचा. शिक्षकांच्या ते कानावर गेलं. दुसरीकडे याबद्दल छडी मिळाली असती. इथे त्याला आंतरशालेय स्पर्धेच्या नाटकात घेतलं. प्रसंग होता आदि शंकराचार्य आणि चांडाळाचा. काशीच्या गल्लीत आचार्य समोरच्याला ‘दूर हो’ म्हणतात. तो विचारतो, दूर कुणी व्हायचं, या देहानं की आतल्या आत्म्यानं? आचार्य चमकतात आणि त्यालाच गुरू मानून नमस्कार करतात. ‘मनीषापंचक’ तिथेच स्फुरलं अशी परंपरा आहे. शिवाजीला चांडाळाचं काम मिळालं आणि अभिनयाचं बक्षीसही.

पाठशाळा आचार्यांच्या नावाची, मुलगा मागच्या बाकावरचा, आणि त्याच्या तोंडी आचार्यांना निरुत्तर करणारा प्रश्न. हे काम त्याला द्यावं असं ज्यांना वाटलं, त्यांनी त्याचं प्रगतिपुस्तक पाहिलं नव्हतं थोडंच! ते पाहूनही त्यांनी त्याला रंगमंचाच्या मध्यभागी उभं केलं. पुढे 1975 साली ‘अपूर्व रागंगळ’मध्ये के. बालचंदर यांनी त्याला कॅमेऱ्यासमोर आणलं. फाळके पुरस्कार घेताना रजनीकांत यांनी त्यांना गुरू म्हणून वंदन केलं, तेही यथायोग्यच. पण रजनीकांतच्या गुरूंची मोजणी मी त्या शाळेच्या नाटकापासून सुरू करते.