पाढे पाठ, पण वाट हरवली

घरातील वडीलधाऱ्यांची बुद्धी शाबूत आहे, हे आपण कशावरून ठरवता? मी पाढ्यांवरून ठरवीत असे.

माझे सासरे, अण्णा, गुलमंडीवरील कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. पावकी, दिडकी, अडीचकी त्यांच्या जिभेवर. ब्याऐंशीव्या वर्षीही सतरा अडीच विचारताच ‘साडेबेचाळीस’ हे उत्तर येई. त्या भरवशावर मी त्यांना औरंगपुऱ्याच्या मंडईत एकटे पाठवीत राहिले. शंभरातून सदुसष्ट वजा करताना ते अडखळत, समोर घड्याळ असूनही वेळ विचारीत. वयाचा परिणाम म्हणून मी ते सोडून दिले. एका संध्याकाळी ते पैठण गेटपाशी उभे सापडले. चाळीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्यावर घर कोणत्या बाजूस, हेच त्यांना उमगेना.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढावयास सांगितले. अण्णांनी सारे आकडे वर्तुळाच्या एकाच बाजूस दाटीने लिहिले. मग पाढे कसे येतात, असे मी काहीशा रागानेच विचारले.

गणित ही एकच शक्ती नव्हे, हे मला तेव्हा कळले. पाढे मेंदू बहुतांशी आरतीसारखे, शब्दांच्या पाठांतराने जपतो. वजाबाकीत संख्येचा लहानमोठेपणा मनात तोलावा लागतो. भूमितीला, घड्याळाला आणि वाटेला दिशांचे व अंतराचे भान हवे. ही कामे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर सोपवलेली असतात आणि ते भाग एकाच वेळी थकत नाहीत. शाळेतही एखाद्याला बीजगणित गोड आणि भूमिती कडू लागते, त्याचे एक कारण हेच असावे (शिक्षक आणि भीती ही कारणे आहेतच). भास्कराचार्यांनीही ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त अंकगणितासाठी ‘लीलावती’ आणि अव्यक्त राशींसाठी ‘बीजगणित’ असे स्वतंत्र भाग रचले.

तेव्हा सुटे पैसे, गोळ्यांची मोजणी, घड्याळ, नेहमीची वाट यांत चुका वारंवार होऊ लागल्या, तर पाढ्यांवर विसंबू नका, तज्ज्ञांना दाखवा. अशी गफलत अचानक झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

अण्णांच्या खिशात आता पत्त्याची चिठ्ठी असते. मंडईत मी सोबत जाते, पैसे मी मोजते. दिवेलागणीला मात्र ते नातवाला पाऊणकी शिकवतात, आणि तो चुकला की अजूनही रागावतात.