नाचाची हजेरी

हजेरी घेणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. कादंबऱ्या लिहिते ती रात्री. दिवसा मी रकाने भरते. मॅट्रिकच्या पुढची पायरी काही चढले नाही, पण कोणत्या पानावर किती रकाने आखावेत, एवढे मला कळते. म्हणूनच माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी येऊन म्हणाला, “बाई, एका नाचाच्या हॉलसाठी छोटंसं सॉफ्टवेअर करतोय. रकाने तुम्ही सांगा,” तेव्हा मला नवल वाटले ते सॉफ्टवेअरचे नव्हे, नाचाचे.

भिवंडीत नाचाचा हॉल! वाचकहो, तुम्हीही हसाल. आमच्या गावाची कीर्ती यंत्रमागांच्या खडखडाटाची, आणि अलीकडे गोदामांची. हा हॉल म्हणजे तरी काय? बंद पडलेला बारा मागांचा कारखाना. माग भंगारात गेले. ते जिथे रोवले होते ते खड्डे सिमेंटने बुजवले आहेत. फुगडीत पाय त्या चकत्यांवर येऊ लागला की जाणत्या बायका न सांगता दोन हात बाजूला सरकतात. श्रावणात तिथे मंगळागौरीच्या खेळांचा सराव, पुढे गरबा; आणि पद्मानगराकडच्या तेलुगू पद्मशाली बायका येतात त्या बतुकम्मासाठी. तरवड, कुरडू, झेंडू यांच्या फुलांचा मनोरा रचायचा आणि टाळ्या देत त्याच्याभोवती फिरायचे. गरब्याच्या मधोमध दिवा, हिच्या मधोमध फुले, आमच्या भोंडल्याच्या मधोमध हत्ती. फेर तोच.

हॉल चालवणाऱ्या बाईंचा सगळा कारभार एका वहीत. एकाच संध्याकाळी दोन गट दारात उभे, असे वर्षातून दोनदा तरी व्हायचे, आणि मग किल्ली कोणाला द्यायची यावर जो फेर धरला जाई तो कोणत्याच सणात बसणारा नव्हता. हे दुखणे यंत्राने बरे करावे, यात वाद नाही. त्याचा नियमही सोपा आहे. नवा गट जुना संपण्याआधी सुरू होत असेल आणि जुना सुरू झाल्यानंतर संपत असेल, तर दोघांची टक्कर होणार. यंत्राने नोंद घेऊ नये. मुलाने तो मला कागदावर दोन रेघा ओढून समजावला. विद्यार्थ्याने मास्तरणीला शिकवण्यात एक निराळेच सुख असते, ते मी त्याला भरपूर घेऊ दिले.

पण सणांची तारीख त्याने ‘दरवर्षी तीच’ अशी धरली होती. मी म्हटले, “अरे, नवरात्र कॅलेंडरच्या चौकटीत बसत नाही. बतुकम्मा सर्वपित्रीला सुरू होते, घट दुसऱ्या दिवशी बसतात. पण २०२० साली अधिक आश्विन आला. अमावास्या १७ सप्टेंबरला आणि घटस्थापना १७ ऑक्टोबरला. महिनाभराचे अंतर! तुझे यंत्र काय करील?” त्याने निमूटपणे ठरवले, की सणाच्या तारखा बाईंनी दरवर्षी पंचांग पाहून हाताने भराव्यात. मला ते पटले. जे माणसाला दोन मिनिटांत येते ते यंत्राला शिकवण्यात महिना घालवू नये.

खरी अडचण पुढेच होती. नाचायला येणाऱ्या प्रत्येकीसाठी त्याने पान उघडले होते : नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, फोटो. मी बाईंची वही मागून घेतली. तिच्यात होते, “निळी साडी ५०. गोदामवाली, पगार झाल्यावर. मंगळवारच्या दोघी १००.”

“हे काय बाई? ह्यातून कोण आली ते कळतच नाही!” तो म्हणाला.

हॉलच्या बाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, मागे एक गृहस्थ आले होते. भावजय इथे येते का, असे विचारत होते. आवाज चढला होता. बाईंनी वहीच त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी चार पाने उलटली, निळी साडी वाचली, दोघी वाचल्या, आणि गेले. भावजय त्या वेळी आत फेरात होती. गोदामात आठ तास उभे राहून पाकिटे निवडायची, आणि आठवड्यातला एक तास स्वतःचा. तो कुठे जातो हे घरी सांगण्याची सोय नव्हती.

मी मुलाला विचारले, “तुझ्या यंत्रात त्या गृहस्थांनी मोबाईल नंबर टाकला असता, तर?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पण पैशांचा हिशेब?”

तोडगा बाईंनीच काढला. दहा घरांचे पुठ्ठ्याचे कार्ड विकायचे. आले की एका घराला भोक. यंत्राला ठाऊक फक्त कार्डाचा आकडा आणि उरलेली घरे. कार्ड कोणाचे, हे त्याने विचारायचे नाही. भोकाच्या कार्डांनी मागावर नक्षी काढण्याची युक्ती फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास पक्की केली, आणि तीच बॅबेजने पुढे आपल्या गणनयंत्रासाठी योजली. म्हणजे मागाच्या कारखान्यात ही कार्डे परकी नव्हेत. कार्ड हरवले तर? “चेहरे मला ओळखता येतात,” बाई म्हणाल्या. हॉल भाड्याने घेणाऱ्या गटप्रमुखाचे मात्र नाव आणि नंबर हवाच. किल्ली आणि अनामत त्याच्याकडे असते. कामापुरतीच माहिती मागावी, असे विदासंरक्षणाचा २०२३ सालचा कायदाही म्हणतो. बाईंनी तो वाचलेला नाही.

शेवटी तीनच तक्ते उरले : वेळा, कार्डे, किल्ल्या. पान एवढे रिकामे दिसले की मुलाला आपण काहीच केले नाही असे वाटू लागले. त्याची समजूत म्हणून मी एक काम वाढवून दिले. अंगणात ध्वनिवर्धक रात्री दहानंतर चालत नाही. २००० सालचे नियम तसे आहेत, सूट मिळते ती सणासुदीच्या मोजक्या दिवशी. तेव्हा पावणेदहाला यंत्राने घंटा द्यावी. ती आता रोज वाजते. बायकांनी तिचे नाव ‘सासूबाई’ ठेवले आहे, आणि ती वाजल्यावर आणखी एक फेर घेतल्याशिवाय कोणी चपला घालत नाही.