यार्डाचा मालकच अडत्या, तोलारही तोच

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

'गूगलला इतक्या कोटींचा दंड' अशी बातमी आली की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात. एक, 'बरं झालं, माजले होते.' दुसरी, 'फुकट वापरतोय ना आपण, मग तक्रार कसली?' दोन्ही बाजूंना हा विषय दिल्ली-अमेरिकेचा वाटतो. मला मात्र तो आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डातला वाटतो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून पेपरात लागलो तेव्हा नव्या पोराला देतात तसं मला बाजारभावाचं काम दिलं होतं. हळद, गूळ, बेदाणा. सौद्यात उभं राहून जुन्या माणसांकडून एक गोष्ट शिकलो: भाव काय निघाला हे नंतर विचारायचं, आधी काटा कुणाचा आहे ते बघायचं.

शेतकरी माल आणतो, अडत्या तो विकून देतो, खरेदीदार बोली लावतो, तोलार वजन करतो. ही माणसं वेगवेगळी ठेवायची असतात, कारण दोन कामं एकाच्या हातात गेली की शेतकऱ्याच्या पट्टीत घट दिसायला लागते. हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. एके काळी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल त्यालाच तो कळायचा नाही. वऱ्हाडात कारंजाला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये तिथे कायदा झाला. मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा, आपल्या महाराष्ट्राचा १९६३ चा. उघड लिलाव, परवाना असलेला तोलार, तपासलेला काटा या गोष्टी त्यातून आल्या.

आता हाच हिशेब मोबाईलला लावून बघा.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. कारण साधं होतं. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच भरून द्यावी लागत होती. म्हणजे यार्डात गाळा हवा तर बारदान माझंच, सुतळी माझीच आणि चहाही माझ्याच टपरीवरचा. पाचच दिवसांनी आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला, कारण ॲप बनवणाऱ्यांना पैसे घेण्यासाठी गूगलचीच व्यवस्था वापरण्याची सक्ती होती. पुढे अपील झालं. पहिला दंड मार्च २०२३ मध्ये कायम राहिला, पण आयोगाचे काही आदेश रद्द झाले. दुसरा मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं.

साताऱ्याच्या लोकांना वाटेल, यात आमचं काय? महाबळेश्वर-पाचगणीच्या कुठल्याही लॉजवाल्याला विचारा. त्याच ऑक्टोबरमध्ये, १९ तारखेला, मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी दंड झाला होता. हॉटेलवाल्यांच्या करारात अट होती की खोली दुसऱ्या साइटवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर त्याहून स्वस्त विकायची नाही. खोली तुमची, चादरी तुमच्या, लाइटबिल तुमचं, आणि ती किती स्वस्त द्यायची हे मध्यस्थ ठरवणार! अडत घेणाऱ्याने शेतकऱ्याला 'घरच्या अंगणातही यापेक्षा कमी भावाने विकायचं नाही' म्हणावं, तसलाच प्रकार.

आता माझ्या धंद्याचं. बातमीच्या वेबसाइटवर जी जाहिरात दिसते तिचा लिलाव तुम्ही पान उघडताना डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. त्यात जागा विकणाऱ्याचं साधन गूगलचं, जाहिरातदाराचं साधन गूगलचं आणि लिलाव होतो तो बाजारही गूगलचा. अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीच्याच एका माणसाचा जुना मेल पुढे आला. एखाद्या मोठ्या बँकेने शेअर बाजारच विकत घ्यावा तसं हे आहे, असा त्याचा अर्थ होता. १७ एप्रिल २०२५ ला तिथल्या कोर्टाने या तीनपैकी दोन ठिकाणी, म्हणजे विकणाऱ्याच्या साधनात आणि लिलावाच्या बाजारात, मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवर आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशी लावली. तक्रार अशी की निम्म्याहून जास्त वाचक गूगलच्या वाटेने येतात, पण जाहिरातीचे नेमके किती पैसे आले आणि त्यातले किती कापले गेले हे प्रकाशकाला समजत नाही. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत. पण रुमालाखालची बोटं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

'पेपरवाल्यांचं रडगाणं' म्हणून सोडून देऊ नका. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोयनेतून विसर्ग किती, कुठला रस्ता बंद, कुठल्या गल्लीत बोट पोचली नाही, हे गावातल्या बातमीदारांनी पाण्यात उभं राहून कळवलं. त्यांचा पगार जाहिरातीतून निघतो. तो पैसा वाटेतच कापला गेला तर पुढच्या पुरात तुमच्या मोबाईलवर फक्त फॉरवर्ड येतील.

मग उपाय काय? २००२ चा स्पर्धा कायदा चूक झाल्यावर चौकशी करतो. चौकशी, आदेश, अपील, पुन्हा अपील. तोवर लहान धंदा बसलेला असतो, आणि दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, त्याच्या खिशात नाही. म्हणून संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये, मोठ्या कंपन्यांना आधीच नियम घालून द्या, असं सुचवलं. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. आपल्याच मालाला झुकतं माप द्यायचं नाही, एका सेवेबरोबर दुसरी गळ्यात मारायची नाही, अशी त्याची दिशा. मोडलं तर जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड. युरोपात असे नियम मार्च २०२४ पासून लागूही झाले. आपला मसुदा हे लिहीपर्यंत मसुदाच आहे.

विरोध करणारे म्हणतात, सरकार मध्ये आलं की परवानाराज येणार आणि नवे उद्योग दबणार. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. झोनबंदीच्या काळात आपला ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे सरकारच ठरवत होतं, म्हणजे मक्तेदारी कायद्यानेच दिली होती. बाजार समित्यांचं राजकारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेवटी २०१६ मध्ये राज्याला फळं-भाजीपाला समित्यांच्या नियंत्रणातून काढावा लागला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं.

पण यातून 'काटा तपासूच नका' असा निष्कर्ष निघत नाही. ऊसपट्ट्यात काटामारी हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वजनात घोळ झाला म्हणून कुणी 'वजनच नको' म्हटलं नाही. मागणी कायम एकच राहिली: काटा तपासा, आणि तपासणारा त्याच्या मालकाचा माणूस नसावा.

आपल्या भागातले खासदार साखर आणि दुधावर बोलतात, बोललंच पाहिजे. पण या मसुद्यावर त्यांचं मत काय, हे मी अजून कुठल्या सभेत ऐकलेलं नाही. प्रचाराला आले की विचारा: विधेयक कधी येणार, आयोगाला पुरेशी माणसं मिळणार का, आणि निकाल वर्षभरात लागेल अशी मुदत त्यात असेल का? पाच वर्षांनी न्याय मिळून बंद पडलेलं दुकान उघडत नसतं.

तुमच्या धंद्यात ऑनलाइन मध्यस्थ किती कापतो आणि कुठल्या अटी घालतो, ते कमेंटमध्ये लिहा. हॉटेलवाले, मोबाईल दुकानदार, रिक्षावाले, सगळ्यांनी. आकडे लिहिलेत तर फारच बरं.